विहिरीला पेट्रोलचा वास येतो तेव्हा

पंपावर सकाळची पाळी सुरू झाली की आधी डिप घेतात. मॅनहोलचं झाकण उघडायचं, पितळी डिपरॉड टाकीच्या तळापर्यंत सोडायचा, वर काढून ओला ठसा कुठवर आलाय ते वाचायचं आणि चार्टमध्ये बघून लिटर लिहायचे. रॉडच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट चोपडलेली असते, तळाशी पाणी साचलं असेल तर तिचा रंग बदलतो. कालचा साठा, अधिक टँकरनं आलेला माल, वजा नोझलमधून विकलेला. उरेल तो आजचा साठा. दुकानाच्या वहीइतका सरळ हिशेब.

पण तो पैशाला पैसा जुळत नाही कधीच. वीस हजार लिटरची आडवी टाकी निम्मी भरलेली असेल तर डिपरॉडवरचा एक मिलिमीटर म्हणजे साधारण १३ लिटर. भर दुपारी तापलेला टँकर रिता केला आणि जमिनीखाली ते पेट्रोल पाच अंशांनी निवलं, तर १२ हजार लिटरमागे साठेक लिटर नुसते आकसतात. कुठे जात नाहीत, तरी वहीत घट दिसतेच. म्हणून थोडं कमीजास्त सगळेच धरून चालतात.

आता समजा, पाइपच्या एका सांध्यातून सेकंदाला एक थेंब गळतोय. एक थेंब म्हणजे मिलिलिटरचा विसावा हिस्सा. दिवसाला सव्वाचार लिटर, वर्षाला दीड हजाराच्या पुढे. डिपरॉडवर हे रोजचं सव्वाचार लिटर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, म्हणजे डोळ्याला दिसणारच नाही. अमेरिकेत टाकीचा घट्टपणा तपासायची जी नेहमीची चाचणी आहे, तिनं तासाला ०.१ गॅलनची गळती पकडली तरी पुरतं. ते होतात दिवसाचे नऊ लिटर. आपला थेंब त्या चाचणीच्याही खालून निसटतो.

तरीही वही बोलते, फक्त ती महिनाभराची एकत्र वाचावी लागते. मोजमापाची चूक कधी अधिक असते, कधी उणे. महिन्यात ती बरीचशी एकमेकांत जिरते. गळती मात्र रोज उणेच. तीस दिवसांच्या रकान्यात उणे उणे उणे असंच येत राहिलं, तर चूक रॉड वाचणाऱ्याची नाही. दुसरी खूण पावसाळ्यात मिळते. भूजल टाकीच्या तळापेक्षा वर चढलं आणि टाकीला कुठे भोक असेल, तर पाणी आत शिरतं आणि पेस्टचा रंग पालटतो. पाणी उपसून टाकलं की काम झालं असं बऱ्याच ठिकाणी समजतात. पण ज्या भोकातून ऑगस्टमध्ये पाणी आत आलं, त्याच भोकातून एप्रिलमध्ये पेट्रोल बाहेर गेलेलं असतं.

टाकीपेक्षा पाइपांवर जास्त लक्ष ठेवावं, असं माझं मत. जुन्या पद्धतीत वरचं यंत्र पेट्रोल ओढून घेतं; तिथं पाइपला चीर पडली तर आत हवा शिरते, यंत्र नीट ओढत नाही, आणि बरंचसं पेट्रोल उतारानं परत टाकीत येतं. टाकीत बुडवलेला पंप असेल तर पाइपात दाब असतो, आणि त्या चिरेतून पेट्रोल पिचकारीसारखं बाहेर पडत राहतं. वर गिऱ्हाईक मात्र खूश, कारण नोझलची धार जोरात.

वहीतून निघालेलं हे पेट्रोल हरवत नाही, त्याची खाती तेवढी बदलतात. जमिनीखाली अशी चार खाती असतात, आणि साफसफाईचे निम्मे घोळ ही खाती एकमेकांत मिसळल्यानं होतात.

पहिलं खातं अडकलेल्या पेट्रोलचं. खाली झिरपताना ते मातीच्या कणांना चिकटतं, मुरुमाच्या फटींत बसतं. फडकं पिळलं तरी ओलं राहतं, तसं. एका घनमीटर वाळूत पाच-दहा लिटर पेट्रोल असं सहज अडकून राहतं, आणि ते उपसून निघत नाही. दुसरं खातं मोकळ्या पेट्रोलचं. गळती पुरेशी असेल तर ते भूजलापर्यंत पोचतं आणि पाण्याहून हलकं असल्यानं वर तवंगासारखं पसरतं. तिसरं वाफेचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती मातीतल्या पोकळ्यांतून सरपटत तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यात, गटारात, कोरड्या विहिरीत जाऊन बसते. चौथं खातं पाण्यात विरघळलेल्या भागाचं. पेट्रोल पाण्यात विरघळत नाही असं आपण शाळेत शिकलो ते ढोबळ मानानं खरं, पण त्यातले बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलीन हे चार जण थोडेथोडे विरघळतात आणि पाण्याबरोबर प्रवासाला निघतात.

एकूण मालाच्या हिशेबात हे चौथं खातं सगळ्यांत लहान, बहुतेक वेळा शेकड्यात एक-दोन किंवा पाचच्या आत. आणि गावकऱ्यांच्या घशाखाली जातं ते नेमकं हेच. आपल्याकडे तक्रार आली की पहिला उपाय काय होतो? मोटर लावून विहीर उपसतात. दोन दिवस उपसली, वास गेला, फोटो काढले. पंधरा दिवसांनी वास परत. यात नवल काही नाही. तुम्ही शंभरातले दोन काढलेत, अठ्ठ्याण्णव तिथंच बसून त्या दोनाची भरपाई करतायत.

लहान खात्याचा धसका का घ्यायचा, ते एका गणितात कळतं. बेंझिन माणसात कर्करोग घडवतं हे निर्विवाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, अमेरिकेत ती ५ आहे. आपल्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त एक टक्का चालतं. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये जेमतेम नऊ ग्रॅम. हे नऊ ग्रॅम सगळे विरघळले, तर दहा मायक्रोग्रॅमच्या हिशेबानं नऊ लाख लिटर पाणी मर्यादेला पोचेल. दहा हजार लिटरचे नव्वद टँकर, एका लिटर पेट्रोलपायी. प्रत्यक्षात सगळं विरघळत नाही, काही उडून जातं, काही जीवाणू खातात. पण प्रमाण ध्यानात राहावं म्हणून सांगितलं. आणि या पातळीचं बेंझिन नाकाला कळत नाही. वास येतोय म्हणजे पाणी खराब, हे बरोबर. वास गेला म्हणजे पाणी चांगलं, हे मात्र साफ चूक.

तवंगाबद्दल एक घरगुती युक्ती. साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी थर दिसला की लोक तेल म्हणतात. लोखंडावर जगणारे जीवाणूही तसाच थर धरतात. काडीनं ढवळून बघा. थराचे पापुद्र्यासारखे तुकडे पडून तसेच तरंगत राहिले तर जीवाणू. काडी काढताच रंग पुन्हा एकमेकांत मिसळून सांधले तर तेल. काडीनंच ढवळा. काडी पेटवून टाकणारे महाभागही असतात. हवेत दीडेक टक्का पेट्रोलची वाफ असली तरी भडका उडायला तेवढी पुरते. अशा विहिरीत माणूस उतरवू नये, आणि तिच्यावरच्या मोटरचं बटणही दाबू नये.

आता पेट्रोल गेलंय कुठवर, हे शोधायचं. पाठ्यपुस्तकात याचं छान चित्र असतं: टाकीखालून निघून उताराच्या दिशेनं लांबत गेलेला गाजराच्या आकाराचा डाग. ते चित्र वाळूचं आहे. महाराष्ट्राचा पाचातला चार हिस्से भाग काळ्या कातळावर बसलाय, आणि कातळात पाणी वाळूसारखं सगळीकडून झिरपत नाही. वर काही मीटर मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, मग घट्ट कातळ, मध्येच दोन लाव्हाथरांमधला गेरूसारखा लाल थर. पाणी चालतं ते मुरुमातून आणि भेगांतून. पेट्रोलही त्याच वाटेनं जातं.

हायवेलगतच्या एका गावात मी पाहिलेली गोष्ट. पंपाला लागून असलेल्या विहिरीचं पाणी स्वच्छ आणि तीन शेतं पलीकडच्या विहिरीला वास. जवळच्या विहिरीचा मालक निवांत, लांबचा हैराण, आणि पंपवाला म्हणे, ‘माझा संबंध असता तर आधी शेजारची नासली असती ना, साहेब?’ युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण लांबची विहीर ज्या भेगेवर होती, ती भेग पंपाखालून जात होती. शेजारची विहीर त्या भेगेच्या बाजूला, घट्ट कातळात. अंतर फुटांत मोजून इथं भागत नाही. पाणी कुठल्या वाटेनं चालतं ते आधी नकाशावर यावं लागतं.

दुसरी अडचण बोअरची. आपल्याकडे बोअर मारताना केसिंग, म्हणजे भोकाच्या भिंतीला आधार देणारा पाइप, टाकतात ते मुरूम संपून कातळ लागेपर्यंत, वीस-चाळीस फूट. खाली दोनशे फूट उघडं भोक. केसिंगचा बूड कातळात नीट बसला नसेल, किंवा त्याखालच्याच भेगेत पेट्रोल उतरलं असेल, तर वरच्या थरातली घाण या भोकातून थेट खालच्या स्वच्छ पाण्यात जाते. तपासणीसाठी आणखी बोअर मारताना हीच चूक करणारी मंडळीही आहेत. आजार शोधायला सुई टोचली आणि त्याच सुईनं तो आत नेला.

म्हणून तपासणीची सुरुवात ड्रिलिंगनं करू नये. आधी कागद: टाक्या कधी बसवल्या, कुठल्या बदलल्या, पाइप कुठून जातात, जुनी टाकी जमिनीतच सोडली आहे का. मग आजूबाजूच्या सगळ्या विहिरी आणि बोअरची खानेसुमारी, पाण्याच्या पातळीसकट. मग मातीतल्या वाफेची चाचणी. जमिनीत बोटाएवढं भोक करून आतली हवा ओढायची आणि हातातल्या यंत्रावर वाफेचा आकडा वाचायचा. स्वस्त, पटकन होणारी, आणि डाग कुठे गडद आहे हे बऱ्यापैकी सांगणारी. त्यानंतर निरीक्षण विहिरी, चार-पाच इंची, जाळीदार पाइप घातलेल्या. किमान तीन, आणि त्या एका रेषेत नकोत. त्रिकोणाच्या तीन टोकांवरच्या पातळ्या कळल्या की पाण्याचा उतार कुठल्या दिशेला ते निघतं. जाळी अशी बसवायची की उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही पाण्याची पातळी जाळीच्या आतच राहील. जाळी पाण्याखाली बुडाली तर वरचं मोकळं पेट्रोल विहिरीत येणारच नाही, आणि अहवालात ‘तवंग आढळला नाही’ असं खरं-खोटं वाक्य येईल.

या विहिरीत बेलर सोडतात, म्हणजे पारदर्शक नळीची छोटी बादलीच. ती हळूच वर काढली की नळीत खाली पाणी आणि वर पिवळसर, चहाच्या रंगाचा थर स्पष्ट दिसतो, मधली रेघ सुरीनं कापल्यासारखी. पहिल्यांदा बघणारा हादरतो. पण नळीत दहा सेंटिमीटर दिसलं म्हणजे जमिनीतही दहा सेंटिमीटरचा थर आहे असं नव्हे. विहिरीच्या मोकळ्या जागेत तो फुगतो. यावरून ‘इतके हजार लिटर सांडले’ अशी बातमी करू नये.

पाण्याचा नमुना घेणं हे वेगळंच कसब. ४० मिलिलिटरची काचेची कुपी, काठोकाठ भरलेली, उलटी केली तर एक बुडबुडाही दिसता कामा नये, आणि लगेच बर्फात. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धं भरून, दुचाकीच्या डिकीत टाकून, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दिलेला नमुना मी पाहिलाय. अहवाल ‘बेंझिन आढळले नाही’. कसं आढळेल? ते डिकीतच उडून गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पंप असले आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवत असले, तर प्रयोगशाळा आणखी एक मदत करते: पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल यांच्या आलेखांची ठेवण वेगळी असते, आणि जुनं मुरलेलं पेट्रोल ताज्यापेक्षा वेगळं दिसतं.

साफसफाई प्रत्येक खात्याची निराळी. मोकळं पेट्रोल विहिरींतून स्किमरनं काढायचं, म्हणजे पाण्यावरची साय काढावी तसं. टाकीजवळची पार माखलेली माती उकरून रीतसर विल्हेवाटीला पाठवायची. गावाबाहेरच्या खाणीत टाकायची नाही. पेट्रोल विरघळलेलं पाणी उपसून कोळशाच्या टाक्यांतून गाळायचं, पण हे डाग पुढं सरकू नये म्हणून. त्यानं मूळ संपत नाही.

उरतं पहिलं, चिकटून बसलेलं मोठं खातं, आणि तिथं खरा कामगार जीवाणू आहे. मातीत पेट्रोल खाणारे जीवाणू मुळातच असतात, ते विकत आणावे लागत नाहीत. त्यांना कमी पडतो ऑक्सिजन. एक किलो पेट्रोल पचवायला सुमारे साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. हजार लिटर पाण्यात ऑक्सिजन असतो आठेक ग्रॅम. तेवढ्याच जागेतल्या हवेत पावणेतीनशे ग्रॅम, म्हणजे तीसेक पट. पाणी खेळवून वर्षानुवर्षं जे होत नाही ते हवा खेळवून का होतं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. म्हणून विहिरींना ब्लोअर लावून मातीतली हवा ओढून घेतात. वाफही निघते आणि तिच्या जागी ताजी हवाही शिरते. पाण्याखालच्या भागात कॉम्प्रेसरनं हवेचे बुडबुडे सोडतात. पेट्रोल उडणारं असल्यानं त्याला ओढ चांगली लागू पडते. डिझेल फारसं उडत नाही, तिथं हवा हळूहळू देऊन जीवाणूंवरच भिस्त ठेवावी लागते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, त्याचा एक तोटा इथं दिसतो: जीवाणू आधी इथेनॉलवर ताव मारतात, उपलब्ध ऑक्सिजन त्यातच संपतो, आणि बेंझिन ताटात तसंच राहतं.

मग जीवाणूंवर सोडून नुसतं लक्ष ठेवलं तर? अमेरिकेत हा प्रश्न खूप मोठ्या प्रमाणावर विचारला गेला, कारण तिथं १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांचा कायदा आला तेव्हापासून साडेपाच लाखांहून जास्त गळत्यांची नोंद झाली. त्यांतल्या पाच लाखांच्या वर साफही झाल्या. १९९५ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं कॅलिफोर्नियातल्या गळत्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की बेंझिनचे बहुतेक डाग अडीचशे फुटांच्या आतच थांबतात. जीवाणू त्यांना पुढं जाऊ देत नाहीत. सगळीकडे पैसा ओतायची गरज नाही, असा सूर निघाला.

पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातलंच सँटा मोनिका घडलं. पेट्रोल नीट जळावं म्हणून त्यात एमटीबीई नावाचा पदार्थ घालत. तो पाण्यात झटकन विरघळतो, मातीला चिकटत नाही आणि जीवाणूंना सहसा पचत नाही. १९९६ मध्ये या शहराच्या विहिरींत तो सापडला, एका विहीरक्षेत्रात लिटरला ६०० मायक्रोग्रॅमच्याही वर. शहराचा निम्म्याच्या आसपास पाणीपुरवठा बंद करून बाहेरून पाणी विकत घ्यावं लागलं. मुख्य विहिरी गाळणप्रकल्पासह पुन्हा सुरू व्हायला चौदा-पंधरा वर्षं गेली. आदल्या वर्षीचा अभ्यास खोटा नव्हता. तो बेंझिनचा होता, आणि वाळू-मातीतल्या डागांचा. आपल्या कातळातल्या भेगेला ते अडीचशे फूट लावताना म्हणूनच हात आखडता घ्यावा.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी निकष काढले: शाळा, दहा खाटांपुढची रुग्णालयं आणि वस्तीपासून ५० मीटर, अगदीच जमत नसेल तर जादा खबरदारी घेऊन ३० मीटर. त्याआधीचे पंप जिथं आहेत तिथंच आहेत. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी वेगळे नियम आले. त्यात स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनानं संशयित जागा कळवायच्या, राज्य मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर, आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून. विहिरीला वास आला तर ग्रामपंचायतीचा ठराव करून लेखी तक्रार जिल्हाधिकारी आणि प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्यावी, पोच घ्यावी, आणि पंपाच्या टाक्यांना परवाना देणारी, नागपुरात मुख्यालय असलेली केंद्र सरकारची संस्था ‘पेसो’ विसरू नये. तोवर ते पाणी पिण्या-स्वयंपाकाला बंद. उकळून चालणार नाही. उकळलं की वाफ घरात.

काम संपलं हे ठरवताना सगळ्यांत जास्त घाई होते. ब्लोअर वर्षभर चालला, आकडे खाली आले, यंत्रणा बंद झाली. तीन महिन्यांनी आकडे परत वर. मुरुमात चिकटलेलं पहिलं खातं पुन्हा विरघळायला लागलेलं असतं. आपल्याकडे याला पावसाची जोड आहे. मे महिन्यात पाणी खोल जातं तेव्हा मोकळं पेट्रोलही त्याच्यासोबत खाली उतरतं आणि वाटेत फटींना चिकटतं. ऑक्टोबरात पाणी पाच-सात मीटर वर येतं आणि ते सगळं बुडवतं. उन्हाळ्यात घेतलेला स्वच्छ नमुना म्हणूनच अपुरा. मी यंत्रणा बंद करून मे आणि ऑक्टोबर, पुन्हा मे आणि ऑक्टोबर असे चार नमुने मागतो, काठोकाठ भरलेल्या कुप्यांत. पंपवाले वैतागतात, म्हणतात, आणखी दोन पावसाळे कशाला? मी त्यांच्या डिपच्या वहीतला तो उणे-उणे रकाना उघडून समोर ठेवतो आणि विचारतो, यातलं किती वर आलं, ते तुम्हीच लिटरमध्ये सांगा.